क्लाउनफिशची जोडी पुण्याच्या घरात नांदवायची कशी

मला फोन येतो तो बहुतेक वेळा रविवारी संध्याकाळी, आणि थेट दुकानातून. "मॅडम, दोन क्लाउन घेतोय. दोन्ही सारखेच मोठे आहेत, एकदम तगडे. घेऊ ना?" मी विचारते, टाकी कधी लावली? "आजच घेतोय की, सगळं एकदमच." मग मी सांगते की टाकी घ्या, मीठ घ्या, दगड घ्या आणि मासे तिथेच राहू द्या. निम्मे लोक ऐकतात. उरलेल्यांचा पुढचा फोन गुरुवारपर्यंत येतोच.

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, सिंहगड रोडला राहते. आमच्या हॉलमध्ये जिथे टीव्ही असायला हवा तिथे खाऱ्या पाण्याची टाकी आहे. हे टिपण त्या फोनवाल्यांसाठी. हा मासा समुद्रात कसा जगतो हे आधी नीट समजून घ्या. मग टाकी केवढी, मासे किती, कोणता आधी सोडायचा, अ‍ॅनिमोन (समुद्रतळाला चिकटून राहणारा, फुलासारखा दिसणारा शुंडकांचा प्राणी) हवं की नको, हे दुकानदाराला विचारावं लागत नाही.

घरात बाईच मोठी

आपल्याकडे दुकानात जो केशरी, तीन पांढऱ्या पट्ट्यांचा मासा दिसतो तो बहुतेक वेळा ओसेलॅरिस, पूर्ण नाव अ‍ॅम्फिप्रिऑन ओसेलॅरिस. अंदमानपासून थायलंड, इंडोनेशिया, फिलिपिन्स, जपानची दक्षिणेकडची बेटं आणि ऑस्ट्रेलियाचा वायव्य किनारा हा त्याचा मुलूख. त्याच्यासारखाच दिसणारा पर्क्युला पापुआ न्यू गिनी आणि ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातला. त्याच्या पट्ट्यांच्या काळ्या कडा जास्त जाड असतात. पाळण्याच्या दृष्टीने दोघांत फारसा फरक नाही, त्यामुळे "हा ओरिजिनल पर्क्युला आहे" असं सांगून कुणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका.

समुद्रात हा मासा एका अ‍ॅनिमोनला धरून राहतो. पोहण्यात अगदीच बेताचा. शेपटी गोल, अंग डोलवत डोलवत जायचं, दूर जाणं नाही. घरापासून एक-दोन मीटर म्हणजे त्याची मोठी सफर. म्हणून याला चार फुटी टाकी लागत नाही. त्याची खरी गरज म्हणजे स्वतःचा म्हणता येईल असा एक कोपरा आणि योग्य जोडीदार.

जोडीदाराची गंमत अशी. क्लाउनफिशचं पिल्लू ना नर असतं ना मादी. त्याच्यात दोन्हीची सोय असते. एका अ‍ॅनिमोनमध्ये जी टोळी राहते तिच्यात सगळ्यांत मोठी असते ती मादी, दुसऱ्या क्रमांकाचा तिचा नर, आणि त्यांच्याखाली एकाहून एक लहान अशी पोरं. ही पोरं त्या जोडीची नसतात, कारण अंड्यातून बाहेर आलेली पिल्लं प्रवाहाबरोबर दूर जातात. मादी मेली की नर काही आठवड्यांत ते महिन्यांत स्वतः मादी होतो, आणि पोरांतलं सगळ्यांत मोठं पोर नर बनतं. हान्स आणि सिमोन फ्रिके यांनी १९७७ मध्ये 'नेचर'मध्ये हे लिहिलं. नराची मादी होते, पण मादीचा पुन्हा नर होत नाही. ही शेवटची ओळ पाठ करा, सगळा व्यवहार तिच्यावर चालतो.

आमच्या सासूबाईंना मी हे समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी जपमाळ बाजूला ठेवून टाकीकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे बाई गेली की नवऱ्यानेच बाई व्हायचं. बरी आहे पद्धत." तेव्हापासून माशांना खायला घालायचं काम त्यांच्याकडे आहे.

पीटर बस्टन यांनी २००३ मध्ये पर्क्युलावर आणखी एक गोष्ट दाखवली. टोळीतला खालचा मासा आपली वाढच आवरून धरतो. वरच्यापेक्षा तो ठरावीक प्रमाणात लहान राहतो. वरच्याच्या अंगाबरोबर आला तर त्याला हाकललं जातं, आणि त्या माशाला अ‍ॅनिमोनबाहेर हाकलणं म्हणजे मरणच. तेव्हा एखाद्याचा नर वाढत नाही म्हणून खाण्याला दोष देऊ नका. तो मुद्दाम लहान राहिलाय आणि त्यातच त्याचं भलं आहे.

आता दुकानात उभे आहात असं समजा. दोन सारख्याच मोठ्या, तगड्या माशांपैकी दोन्ही माद्या असण्याची शक्यता मोठी, आणि दोन माद्यांची जोडी कधीच जमत नाही. एक मरेपर्यंत भांडण चालतं. म्हणून एक मोठा, एक लहान घ्या. नाहीतर दोन्ही अगदी लहान, दोन-तीन सेंटिमीटरचे घ्या आणि कोण मादी व्हायचं ते त्यांनाच ठरवू द्या. तिसरा घेऊ नका. "तीन घेतले तर डिस्काउंट" असं म्हटलं तरी घेऊ नका. आपल्या टाकीत दुसरं अ‍ॅनिमोन नाही की तो तिकडे जाऊन राहील. आणि घरात आधीपासून एकटा मासा वर्षभर असेल तर तो मादी झाला आहे असंच धरून चाला; त्याला बोटाच्या पेराएवढं पिल्लू आणा, बरोबरीचा नको.

वेगवेगळ्या जातींचे क्लाउन एकत्र ठेवायचा मोहही नको. ओकिनावातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवलं की ओसेलॅरिस समोरच्या माशाचे पांढरे पट्टे बघून त्याच्यावर धावून जातो, आणि तीन पट्टेवाल्यावर म्हणजे आपल्यासारख्याच दिसणाऱ्यावर सगळ्यांत जास्त. लाल-मरून रंगाचा क्लाउन तर अंगानेही मोठा आणि स्वभावानेही आडदांड. तो ओसेलॅरिसला जगू देत नाही.

शक्यतो हॅचरीत जन्मलेले मासे मागा. नवी मुंबईत ऐरोलीला मॅन्ग्रोव्ह फाउंडेशन आणि राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो यांनी मिळून सागरी शोभेच्या माशांची हॅचरी उभी केली आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तमिळनाडूत मंडपमला क्लाउनफिशच्या पैदाशीवर बरंच काम केलं आहे. तेव्हा रीफवरून धरून आणलेलाच मासा हवा असं काही उरलेलं नाही. हॅचरीचा मासा गोळ्या खातो, काचेला बुजत नाही, आणि त्याच्यासोबत रोगही कमी येतात. दुकानदाराला सांगा, "माझ्यासमोर खायला घाला." खात नसेल तर निघा. पट्टे वेडेवाकडे झालेले, ठिपक्याठिपक्यांचे महागडे प्रकार मिळतात, ते बहुतेक हॅचरीतूनच निपजलेले आहेत. ज्याची त्याची आवड.

टाकी, मीठ आणि खडकवासल्याचं पाणी

दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच टाकी एका जोडीला पुरते. काठोकाठ भरली तर ८८ लिटर, वाळू-दगड वजा जाता ७५च्या आसपास पाणी. भरलेली टाकी शंभर किलोच्या वर जाते, तेव्हा प्लायवूडच्या शो-केसवर ठेवू नका.

पालिकेचं पाणी खडकवासला साखळीतलं, मऊ आणि कमी क्षारांचं. पिण्याला उत्तम, पण त्यातलं क्लोरीन आणि पाइपातून येणारं तांबं टाकीला चालत नाही. सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी मिसळत असेल तर क्षारांचा पत्ताच नाही, आज एक, उद्या दुसरं. म्हणून आरओचं पाणी. इथे एक खोच आहे. घरच्या पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी थोडे क्षार परत मिसळायची सोय असते, तिला कुणी मिनरल कार्ट्रिज म्हणतं, कुणी टीडीएस कंट्रोलर. टाकीसाठी पाणी त्याच्या आधीच काढून घ्यावं लागतं, आणि त्यापुढे डीआय रेझिनचा (उरलेसुरले क्षार शोषून घेणाऱ्या दाण्यांचा) एक डबा बसवावा लागतो. टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवर शून्य ते पाच दिसलं की पाणी तयार. बाहेर पडणारं वाया पाणी फरशी पुसायला वापरा.

मीठ म्हणजे सागरी टाकीचं तयार मिश्रण. स्वयंपाकातलं नाही, सैंधव नाही, खडेमीठही नाही. समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट, बायकार्बोनेट असं बरंच काही ठरलेल्या प्रमाणात असतं. दहा लिटर पाण्याला साधारण साडेतीनशे ग्रॅम. कंपनीप्रमाणे थोडं इकडे-तिकडे. अंदाजाने टाकू नका, रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षार मोजायच्या लहान उपकरणावर) हजारी ३५ मोजा. विशिष्ट गुरुत्व वाचत असाल तर १.०२५च्या आसपास. मिसळायला प्लॅस्टिकची बादली घ्या. तांब्या-पितळेची घागर नको, तांबं विरघळतं आणि ते शंख-शिंपल्या-अ‍ॅनिमोनला विष आहे.

"आम्ही दर महिन्याला हरिहरेश्वरला जातो, समुद्राचंच पाणी आणलं तर?" हा प्रश्न मला इतके जण विचारतात की उत्तर लिहूनच ठेवते. नका आणू. किनाऱ्याजवळचं पाणी गढूळ असतं, त्यात गावाचं सांडपाणी असतं, पावसाळ्यात खाड्यांच्या पाण्याने क्षार एकदम उतरतात, आणि डब्यात बंद केलेला प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, घाटातच मरून सडायला लागतो. दगड आणायचा तर विचारही करू नका. खडकावर वाढणारं पोवळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कायद्याच्या लेखी वाघाच्याच पंगतीत. सिरॅमिकचे सच्छिद्र दगड मिळतात, ते तितकंच काम करतात.

ते काम कोणतं? मासा श्वासावाटे आणि विष्ठेवाटे अमोनिया सोडतो. दगडाच्या छिद्रांत आणि वाळूत वाढणारे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन विषं, तिसरं बऱ्यापैकी निरुपद्रवी, आठवड्याच्या पाणी-बदलात निघून जातं. हे जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. टाकीत मासे न सोडता शुद्ध अमोनियम क्लोराइडचे थेंब टाका, किंवा मासळीबाजारातून आणलेली एक कोळंबी टाकून ठेवा. दर दोन दिवसांनी टेस्ट किट काढा. आधी अमोनिया चढतो, मग उतरतो, तेवढ्यात नायट्राइट चढतं, मग तेही उतरतं. दोन्ही शून्यावर आल्यावर पुन्हा अमोनिया घाला. तो चोवीस तासांत शून्य झाला की टाकी तयार. डिसेंबर-जानेवारीत हीटर न लावता हे करायला बसलात तर होळी येईल, जिवाणूंनाही थंडी वाजते.

पुण्याचं हवामान आणि महावितरणचा गुरुवार

माशाला २५ ते २७ अंश हवेत. पुण्यात थंडीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा हीटर लागतोच. तो सोपा भाग. अवघड एप्रिल-मे. हॉलमध्ये ३४ अंश आणि टाकीत ३१, असं झालं की पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि मासे वर येऊन धापा टाकतात. २०२५ मध्ये पापुआ न्यू गिनीच्या किंबे उपसागरातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. समुद्रातल्या उष्णतेच्या लाटेत तिथल्या क्लाउनफिशची लांबी दर महिन्याला मोजली, तर त्यांतले बहुसंख्य मासे चक्क आखूड झाले होते. वजन नव्हे, लांबी कमी झाली. जे आखडले ते जगण्याची शक्यताही जास्त होती. समुद्रात हे जमतं. काचेच्या खोक्यात त्यांच्यावर ती वेळ आणू नये.

चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, महाग असतो आणि दोन फुटी टाकीला तो लागतही नाही. टाकीचं झाकण काढा, वर जाळी लावा कारण हा मासा उडी मारतो, आणि एक लहान टेबलफॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका सोडा. हिशेब बघा: एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते, आणि ८० लिटर पाणी एक अंशाने गार करायला ८० किलोकॅलरी लागतात. खोलीतली उष्णता परत आत येत राहते म्हणून कागदावरचे सात अंश मिळत नाहीत, पण तीन अंश सहज उतरतात. एप्रिलमधली पुण्याची दुपार कोरडी असते, त्यामुळे इथे ही युक्ती मुंबईपेक्षा छान चालते. जुलैत हवेतच ओल, पंखा फिरतो पण पाणी गार होत नाही. सुदैवाने तेव्हा उकाडाही नसतो. ऑक्टोबर हीटचे दोन आठवडे मात्र पंखा पुन्हा काढावा लागतो.

वाफ झालेल्या पाण्याची भरपाई साध्या आरओ-डीआय पाण्याने करायची, खाऱ्या पाण्याने नाही. पाणी उडून जातं, मीठ मागेच राहतं. काचेवर मार्करने रेघ मारा आणि रोज सकाळी रेघेपर्यंत भरा. उन्हाळ्यात लिटर-दीड लिटर रोज लागतं.

गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद, आणि वीज गेली तर तीही गुरुवारीच. पुणेकराला हे सांगायला नको, पण टाकीवाल्या पुणेकराने बुधवारी रात्री एक बादली शुद्ध पाणी आणि एक बादली खारं पाणी तयार ठेवावं. घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलतं ठेवणारा छोटा पंप) घ्या, तो पाच-दहा वॉटचा असतो. हीटर आणि दिवे घेऊ नका. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणा. पाणी हलतं राहिलं तर एक जोडी चार-पाच तास काढते. मासे कोंबून भरलेल्या टाकीत ही सवलत मिळत नाही.

पावसाळ्यातली खरी भीती वेगळीच. डेंग्यूच्या दिवसांत धुराची फवारणी होते, घरात आपण डासांचा फवारा मारतो, सोसायटी पेस्ट कंट्रोल करते. या औषधांत बहुधा पायरेथ्रॉइड प्रकारची कीटकनाशकं असतात, आणि आपल्याला जेमतेम शिंक आणणारी मात्रा माशाला मारते. हवेचा पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, म्हणून फवारणीची गाडी गल्लीत आली की खिडक्या बंद, पंप बंद, टाकीवर ओली चादर. डासांची उदबत्ती टाकीच्या खोलीत लावूच नका. नदीपात्रात ढोलांचा सराव सुरू होतो तेव्हा आमची मादी पहिल्या दिवशी दगडाआड बसते, तिसऱ्या दिवशी तिला काही वाटत नाही. आम्हाला वाटतं.

मासे घरी आणल्यावर

सगळ्यांत जास्त मासे मरतात ते इथेच, आणि कारण रसायनाचं आहे म्हणून मी जरा थांबते. मासे पिशवीत बरेच तास असतात. श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा सामू म्हणजे पीएच घसरतो. साठलेला अमोनिया कमी पीएचमध्ये अमोनियमच्या रूपात राहतो, आणि अमोनियम फारसं विषारी नसतं. तुम्ही पिशवी उघडता, कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो, आणि तेच अमोनियम विषारी अमोनिया होतं. आता तुम्ही कुणाचं तरी ऐकून दोन तास थेंबथेंब पाणी घालत बसलात, तर मासा दोन तास त्या विषात. म्हणून पिशवी बंद ठेवूनच पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या, तापमान जुळलं की उघडा, क्षार मोजा. घरातलं पाणी आधीच दुकानाच्या क्षारांशी जुळवून ठेवलेलं असेल, तर मासा लगेच कपाने उचलून आत सोडा. पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये.

आत म्हणजे मुख्य टाकीत नव्हे. वीस-तीस लिटरच्या साध्या टाकीत तीन-चार आठवडे. वाळू नको, दगड नको; स्पंज फिल्टर, हीटर, आणि लपायला प्लंबरकडचे पीव्हीसी एल्बो. स्पंज आधी महिनाभर मुख्य टाकीत ठेवून जिवाणू रुजवून घ्या. क्लाउनफिशला ब्रुकलिनेला नावाचा एकपेशीय परजीवी वारंवार होतो. अंगावर पांढुरका बुळबुळीत थर, श्वास जोरात, खाणं बंद, आणि दोन-तीन दिवसांत मासा जातो. पांढरे ठिपके आणि सोनेरी धुळीसारखा मखमली रोग हे आणखी दोन. उपचार तिघांचे वेगवेगळे आहेत, म्हणून ओळख पटल्याशिवाय औषध ओतू नका. आणि तांब्याचं औषध मुख्य टाकीत कधीच नाही.

जोडी इथूनच जमायला लागते. लहान मासा आधी सोडा, मोठा एक-दोन दिवसांनी. मोठा आधी आला की सगळी टाकी त्याची होते, आणि मग येणारा परका ठरतो. घरात आधीपासून मादी असेल तर हा क्रम पाळता येत नाही. अशा वेळी पिल्लाला भाजी धुवायच्या जाळीदार प्लॅस्टिक टोपलीत घालून तिच्या टाकीत तीन-चार दिवस टांगा. दिसू द्या, वास येऊ द्या, चावता येऊ नये. सोडायचं ते दिवे मालवून, दगडांची जागा बदलून.

पहिल्या आठवड्यात काय बघायचं? मोठी धावून येईल. लहान मासा बाजूवर कलंडून अंगाला झटके देत थरथरेल. हे बघून लोक घाबरतात आणि मला व्हिडिओ पाठवतात. घाबरायचं कारण नाही. ही शरणागती आहे, "तू मोठी, मान्य" असं कबूल करणं आहे, आणि ती थरथर दिसली म्हणजे जोडी जमण्याच्या वाटेवर आहे. दोघं दातांनी टकटक आवाजही करतात, काचेला कान लावला तर ऐकू येतो. काळजी कधी करायची? जबड्यात जबडा अडकवून झोंबी चालली, पर फाटले, किंवा लहान मासा वरच्या कोपऱ्यात हीटरमागे अडकून राहिला आणि खायलाही खाली येईना, तर त्याच दिवशी वेगळं करा. पुढच्या वेळी आणखी लहान पिल्लू आणा. काही आठवड्यांनी दोघं रात्री एकाच जागी अंगाला अंग लावून झोपायला लागले की तुमचं काम झालं.

खायला दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. गोळ्या, गोठवलेली मायसिस, आर्टेमिया (दोन्ही कोळंबीसारखे बारीक जीव). ताजी कोळंबी सोलून, धुऊन, बारीक चिरून, लहान पुड्यांत गोठवून ठेवली तरी चालते. वाळवलेला जवळा नको, पाणी खराब करतो.

अ‍ॅनिमोन

नको. निदान पहिलं वर्ष तरी नको.

हा मासा आणि अ‍ॅनिमोन यांचं नातं खरोखर सुंदर आहे. अ‍ॅनिमोनच्या शुंडकांत दंशपेशी असतात. इतर मासा अडकून मरतो, क्लाउनफिश बिनधास्त लोळतो. त्याच्या अंगावरच्या चिकट थरात सायलिक आम्लाचं प्रमाण फार कमी असतं, आणि दंशपेशींना चेतवणाऱ्या गोष्टींपैकी ते एक आहे असं मानतात. बदल्यात मासा अ‍ॅनिमोन कुरतडणाऱ्या बटरफ्लायफिशला हाकलतो, आणि त्याचा अमोनिया अ‍ॅनिमोनच्या अंगातल्या शैवालाला खत म्हणून मिळतो. जगात हजाराहून जास्त जातींची अ‍ॅनिमोन आहेत, त्यांतली दहाएकच क्लाउनफिशला घर देतात. ओसेलॅरिस समुद्रात त्यांतल्या तिघांतच राहतो. ती तिन्ही मोठी होतात, त्यांना कडक प्रकाश आणि जुनी, मुरलेली टाकी लागते. प्रकाश किंवा पाणी जरी पसंत पडलं नाही तर अ‍ॅनिमोन चालायला लागतं, वेव्हमेकरमध्ये जाऊन चिरडतं आणि एका रात्रीत सगळं पाणी नासवतं. माशाला मात्र ते नसलं तरी काही अडत नाही. हॅचरीतल्या माशाने अ‍ॅनिमोन पाहिलेलंही नसतं. आमच्या जोडीने कुंभारवेशीतून आणलेल्या, रंग-गेरू न लावलेल्या मातीच्या छोट्या कुंडीत बिऱ्हाड केलंय. महिनाभर पाण्यात भिजवून, मग आडवी ठेवलेली.

अंडी

जोडी वर्ष-दीड वर्षाची झाली की एक दिवस नर कुंडीच्या आतली बाजू तोंडाने घासताना दिसेल. मादीचं पोट फुगलेलं. दुपारनंतर ती ओळीने अंडी चिकटवत जाते, नर मागोमाग फलित करत जातो. शंभर ते काही शे अंडी, पहिल्या दिवशी केशरी. पुढचं सगळं बापाकडे: परांनी वारा घालणं, तोंडाने साफ करणं, मेलेली अंडी खाऊन टाकणं. मादी पहारा देते आणि तुमचा हात आत गेला तर चावते. पहिल्या एक-दोन खेपांना तो सगळीच अंडी खाईल, त्याचं मनावर घेऊ नका. दिवसागणिक अंडी काळपट होतात, शेवटी रुपेरी डोळे चमकतात, आणि २७-२८ अंशांना सातव्या-आठव्या दिवशी, दिवे गेल्यावर तासा-दोन तासांत फुटतात.

पिल्लं वाढवायची असतील तर तयारी अंडी फुटायच्या आधी महिनाभर. पहिला आठवडा पिल्लं फक्त जिवंत रोटिफर (डोळ्यांना जेमतेम दिसणारे सूक्ष्म प्राणी) खातात, ते हिरव्या शैवालावर वेगळ्या बाटल्यांत वाढवावे लागतात. मग आर्टेमियाची नुकती जन्मलेली पिल्लं. दहाव्या दिवसाच्या आसपास डोक्यावर पहिला पांढरा पट्टा उमटतो आणि पिल्लू तळाशी उतरतं. रोटिफरची बाटली हाताशी नसेल तर अंडी वेगळी काढू नका; उपाशी पिल्लं तिसऱ्या दिवसापुढे जात नाहीत. टाकीतच राहू द्या. जोडी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा अंडी घालते, आणि हे मासे वीस वर्षांहून जास्त जगू शकतात, तेव्हा घाई कसली. आणि रोटिफर सुरू करायचेच असतील तर बाटल्या एकाच खिडकीत ठेवू नका. एक संच दुसऱ्या खोलीत, नाहीतर शेजारणीकडे. एका बाटलीत बिघाड झाला तर दुसरीतून पुन्हा लावता येतात.